दोन नंबरचा उलटा श्वास

भूत रात्रीच दिसतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचू नये.

कारण हे भर दुपारी घडलं. मागच्या वर्षी, मे महिन्यात. दिग्रसहून दारव्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक कापड गिरणी आहे, तिथं. गिरणीचं नाव लिहीत नाही. माझी मामेबहीण सत्यशीलाताई अजून तिथंच नोकरीला आहे आणि हे सगळं तिच्यासोबत घडलेलं आहे.

ऐकीव नाही. तिनं मला समोर बसवून सांगितलं. सांगताना मध्येच उठून ती कूलर बंद करून आली. म्हणाली, त्याच्या आवाजात बोलायला नको वाटतं.

तुम्ही ताईला ओळखत नाही, म्हणून सांगतो. आमच्या घरात उतारा, लिंबू-मिरची, अंगात येणं... काही चालत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. त्यातही ताई सगळ्यात पक्की. मसणवाटेवरच्या बोरीची बोरं लहानपणी तीच पाडून आणायची. आम्ही लांबून फक्त खायचे धनी. पुढं यवतमाळला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि या गिरणीत लागली.

ही बाई खोटं बोलत नाही. आणि घाबरतही नाही.

आता घाबरते.

*

आधी ती जागा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

या गिरणीतले माग हवेवर चालतात. धागा हवेच्या झोतानं फेकला जातो. त्यासाठी लागणारी हवा दाबून देणारी तीन मोठी मशीनं एका वेगळ्या शेडमध्ये बसवली आहेत. कंप्रेसर. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. ताईकडं त्यांचीच जबाबदारी.

प्रत्येक मशीनला बाहेरची हवा ओढून घ्यायला वर उघड्या माळ्यावर एक पत्र्याची खोली आहे. हवाखोली म्हणतात तिला. खोलीची एक भिंत म्हणजे नुसते फिल्टर. समोरच्या भिंतीत माणूस वाकून जाईल एवढं गोल भोक, त्याला लोखंडी जाळी, आणि जाळीमागं खाली मशीनपर्यंत गेलेला अंधारा पाइप. आत जायला एकच दार. ते बाहेरच्या बाजूला उघडतं.

मशीन सुरू असलं की त्या खोलीतली हवा सारखी खाली ओढली जाते. मग ते दार आतून ढकलून उघडत नाही. बाहेरून कोणी धान्याचं पोतं टेकवून ठेवल्यासारखं घट्ट बसतं.

म्हणून मशीन बंद केल्याशिवाय आत जायचं नाही, असा नियम.

आणि एक.

कंप्रेसरच्या पोटात एक चाक गरगर फिरत असतं. त्याला पुरेशी हवा मिळाली नाही, की काही पात्यांमध्ये हवा अडते. अडलेली हवा एका जागी थांबत नाही. ती गोल फिरायला लागते. चाकाच्याच दिशेनं, पण चाकापेक्षा हळू. पुस्तकात याला रोटेटिंग स्टॉल म्हणतात. गिरणीतले लोक म्हणतात घुमारा. कारण बाहेर तसाच आवाज येतो.

घुं... घुं... घुं...

जसं आत कोणीतरी गोल फेऱ्या मारतंय.

घुमारा ऐकू आला, की लगेच झडप उघडून हवा मोकळी करायची असते. केली नाही, तर पुढं पाइपात दाबून भरलेली हवा उलटी फिरते. चाकातून मागं येते. सगळं शेड हादरतं. हुप्प... असा आवाज होतो. बेशुद्ध माणसानं एकदम श्वास घ्यावा तसा.

त्याला उलटा श्वास म्हणतात.

हे नाव प्रेमसिंग भाऊंनी ठेवलेलं.

*

प्रेमसिंग भाऊ दोन नंबरचे जुने ऑपरेटर. जवळच्याच तांड्यावरचे. तंबाखू मळत, मान तिरकी करून मशीन ऐकत बसायचे. ताई नवीन लागली, तेव्हा तिला हाताशी धरून त्यांनीच काम शिकवलं. ती त्यांना भाऊ म्हणायची, ते तिला बाई.

हे सगळं घडलं, त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यात ते हवाखोलीत मेले.

ताई त्या दिवशी रजेवर होती, मुलीला, पायलला, घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी तिला कळलं. दोन नंबर बंद होतं. कापसाचा भुसडा, हवेत उडणारे बारीक तंतू, अडकून फिल्टर कोंदले होते, म्हणून भाऊ आत सफाईला गेले. ते आत असताना कोणीतरी मशीन सुरू केलं. कोणी, ते चौकशीत शेवटपर्यंत निघालं नाही. प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्यानं केलं.

दार बसलं. मशीनच्या आवाजात त्यांच्या हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. पत्र्याची खोली, मेचं ऊन...

संध्याकाळी त्यांच्या तांड्यावरचाच जीवन नावाचा फिटर त्यांना शोधत वर गेला. भाऊ जाळीला पाठ टेकून बसले होते. आत अंथरायला नेलेलं मेणकापड त्यांच्या दोन्ही मुठीत होतं. मुठी सोडवायला दोन माणसं लागली.

उन्हानं गेले, असं कागदावर लिहिलं गेलं.

त्या दुपारी दोन नंबर सारखं घुमत होतं, हेही लोकांनी ताईला सांगितलं. सारखे उलटे श्वास घेत होतं. गरमीनं होत असेल म्हणून पाळीवरच्या लोकांनी झडप उघडली. मशीन शांत झालं. थोड्या वेळानं परत घुमलं. परत झडप उघडली. शेवटी ते घुमायचं थांबलं.

ताईनं हे ऐकलं आणि सोडून दिलं. तेव्हा तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

*

वर्ष गेलं. पुन्हा मे आला.

एका दुपारी ताई शेडमध्ये होती. जेवणाची सुट्टी झालेली. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नाही. आणि दोन नंबर घुमायला लागलं.

घुं... घुं... घुं...

तिनं झडप उघडली. आवाज थांबला. फिल्टर बघितले. स्वच्छ, महिन्याभरापूर्वीच बदललेले. हवेला कुठंच अडथळा नव्हता. घुमारा व्हायचं काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ. तोच आवाज.

तिसऱ्या दिवशीही.

मग तिनं मशीन बनवणाऱ्यांकडून माणूस बोलावला. पुण्याचा होता, हुशार आणि मन लावून काम करणारा. त्यानं झडपा तपासल्या, कूलर तपासले, सगळे सेन्सर बदलून पाहिले. दुपारी स्क्रीनसमोर बसून राहिला. मशीन कुठं अडखळेल, ती रेघ त्यावर दिसते. दोन नंबर त्या रेघेपासून कितीतरी लांब चाललं होतं, अगदी सुखात.

आणि समोर घुमत होतं.

त्यानं ताईला सांगितलं की स्टॉलचा आवाज एका लयीत फिरतो. चाकाची गती बदलली नाही, तर तीही बदलत नाही. पण इथली लय बदलत होती. कधी भरभर. कधी हळू. मध्येच थांबायची... आणि परत सुरू व्हायची.

जसा चालणारा माणूस दम खायला थांबतो.

त्यानं रिपोर्टमध्ये यातलं काहीच लिहिलं नाही. जाताना मात्र ताईला म्हणाला, की तुमच्या जागी मी असतो तर हे मशीन बंद ठेवलं असतं.

त्या दिवशी तो गेल्यावर ताईनं मशीनच्या पोटावर तळहात ठेवला. भाऊंनी शिकवल्यासारखा. ती म्हणते, हाताखालून काहीतरी गेलं. गोल फिरून परत आलं. परत गेलं. पुढच्या फेरीला ते हाताखाली आलं...

आणि थांबलं.

तिनं हात ओढून घेतला.

*

दोन नंबर बंद ठेवायचं ठरलं. एक आणि तीनवर माग चालत होते. ताईनं स्वतः वीज तोडली, बटणावर कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. चाक हळूहळू थांबलं. तिनं डोळ्यांनी पाहिलं.

दुपार झाली. जेवणाची सुट्टी झाली.

घुं... घुं...

ताईला आधी वाटलं, एक नंबर असेल. गेली, बघितलं. एक नीट होतं. तीनही नीट होतं. ती दोन नंबरच्या समोर येऊन उभी राहिली. चाक उभं. वीज नाही. सगळे काटे शून्यावर.

आवाज वरून येत होता. हवाखोलीतून.

जीवनही तिथंच होता. त्यानं ऐकलं होतं, ते त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं. दोघं बाहेर आले. हवाखोलीच्या फिल्टरखाली अंगणात कापसाचा भुसडा पडलेला असतो. मशीन सुरू असलं की तो उडून फिल्टरला चिकटतो. बंद असलं की पडून राहतो.

तो फिल्टरपासून लांब जात होता. थोडा पुढं सरकायचा... थांबायचा... मागं यायचा... परत पुढं.

वारा नव्हता. बाजूच्या कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

मी ताईला विचारलं, तू तेव्हाच पळून का नाही आलीस? ती म्हणाली की तिला तेव्हासुद्धा वाटत होतं, पाइपात एखादा पत्रा सुटला असेल, गरम हवा आत-बाहेर होत असेल. कारण सापडलं असतं, तर तिला रात्री झोप लागली असती. म्हणून ती वर जायला निघाली.

जीवननं तिला अडवलं नाही. फक्त म्हणाला, "मॅडम, मी दारातच उभा राह्यतो. दार हातातून सोडत नाई."

भाऊ गेल्यापासून तसा नियमच होता. आत एक, दारात एक.

*

हवाखोलीत भट्टीसारखी गरमी होती. फिल्टरमधून गाळून आलेला उजेड पिवळट. समोर जाळी, जाळीमागं अंधार. आत पाऊल टाकताच घुमारा बंद झाला.

एकदम.

ताईनं मेणकापड खाली पसरलं, गुडघ्यावर बसली आणि जाळीतून बॅटरी मारली. पाइप रिकामा होता. सुटलेला पत्रा नव्हता, काही नव्हतं. ती उठणार, एवढ्यात तिच्या तोंडाला बांधलेल्या ओढणीचं टोक सुटलं.

आणि जाळीकडं गेलं.

तिथंच हवेत ताठ उभं राहिलं.

मागं दार आपटलं.

तिनं वळून धाव घेतली. खांदा लावला. दार हललं नाही. पलीकडून जीवन ओढत असणार, तिला खात्री होती. ती ढकलत होती, तो ओढत होता, आणि ते दार भिंत झालं होतं.

मग तिला तो आवाज ऐकू आला. खालून, पाइपातून. मशीन वेग घेताना जो बारीक सूर चढत जातो, तो. तिनं हजारदा ऐकलेला.

दोन नंबर सुरू होत होतं.

चावी तिच्या खिशात होती. तिनं कापडावरून चाचपून बघितली. होती.

सूर चढत गेला. हवा अंगावरून वाहायला लागली. ओढणी गळ्यातून निसटली, जाळीला जाऊन चिकटली आणि टोकाटोकानं आत ओढली गेली. ताईनं दारावर मुठी आपटल्या. जीवनच्या नावानं ओरडली. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. कान बंद झाले. घाम येत होता आणि येताच वाळत होता. तिला पायल आठवली. शाळेला सुट्ट्या होत्या, ती घरी एकटी होती, आणि जेवणाचा डबा झाकून ठेवलाय हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. एवढंच डोक्यात येत होतं, डबा झाकून ठेवलाय, डबा झाकून ठेवलाय...

तेव्हा खाली पसरलेलं मेणकापड उडालं. थाडकन जाळीवर जाऊन बसलं.

आणि मशीनचा सूर बदलला.

घुं... घुं...

जाळी अर्धी झाकली गेली होती. मशीनला हवा कमी पडत होती.

ताई तिथंच उभी राहिली. तिला सगळं एका क्षणात कळलं. भाऊंच्या मुठीत मेणकापड का होतं, ते कळलं. ते सफाई करत नव्हते. ते दाराशीही बसले नव्हते, जाळीशी बसले होते. हाका खाली पोचत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. पण मशीनचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. म्हणून त्यांनी जाळी दाबून धरली होती. मशीन घुमावं, मशीननं उलटा श्वास घ्यावा, आणि कोणीतरी विचारावं की दोन नंबरला झालं तरी काय... म्हणून.

ते दुपारभर बोलावत होते.

आणि खालचे लोक झडप उघडून मशीन शांत करत होते.

ताई रडली असं ती म्हणत नाही. म्हणते, डोळ्यांत पाणी नव्हतंच.

तिनं मेणकापड धरलं. जाळीवर ताणलं. तेवढाच एक उपाय होता. पूर्ण जाळी झाकली, तर हवा उलटी फिरेल, आणि उलट्या श्वासाबरोबर दार बाहेर ढकललं जाईल. खालची दोन टोकं तिनं गुडघ्यांनी दाबली. वरचं उजवं टोक हातानं. पण जाळी मोठी. वरचं डावं टोक हातात येईना. ते फडफडत होतं, आणि तेवढ्या फटीतून मशीनला हवा मिळत होती.

तिनं दुसरा हात लांबवला. पोचला नाही. परत लांबवला.

फडफड थांबली.

डावं टोक जाळीला सपाट दाबलं गेलं होतं. मेणकापडावर एकाशेजारी एक खळगे पडले होते...

बोटांचे.

ताईनं तिकडं मान वळवली नाही. मी तिला तीनदा विचारलं, तिनं तीनदा तेच सांगितलं, की मान वळवली नाही. डोळे मिटून घेतले. डाव्या कानाशी कोणीतरी दम टाकत होतं. जिना चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं. आणि ओल्या तंबाखूचा वास. चुन्यासकट.

घुमारा जाड झाला. हळू झाला.

घुं...

घुं...

मग काहीच नाही.

आणि...

हुप्प.

पाइपातून गरम हवेचा लोट आला. मेणकापडासकट ताई मागं फेकली गेली. दार धाडकन उघडलं, आणि ती बाहेरच्या माळ्यावर, पांढऱ्या उन्हात, पाठीवर पडली.

जिवंत.

*

इथंच गोष्ट संपली असती, तर बरं झालं असतं.

ताई पडल्यापडल्या उठली. दार अजून उघडं होतं. आत पिवळट अंधार. ती, जिनं आयुष्यात देवासमोरही हात पसरले नाहीत, तिनं त्या अंधारात हात पुढं केला.

"भाऊ, या. बाहेर या. दार उघडं हाये."

आत सरकल्यासारखा आवाज झाला. पत्र्यावर पाऊल पडल्यासारखा. एक. मग आणखी एक, जवळ.

तिच्या बोटांना काहीतरी लागलं. कोरडं. गरम.

दार तिच्या समोर ओढलं गेलं आणि बसलं. तिनं हात वेळेवर मागं घेतला नसता, तर बोटं गेली असती.

आतून थापा पडायला लागल्या. घाईघाईच्या.

जीवन पहार घेऊन धापा टाकत वर आला, तेव्हा ताई दोन्ही हातांनी कडी ओढत होती. त्यानंही हात घातला. थापा त्याच्याही हाताला जाणवल्या, हे त्यानं नंतर कबूल केलं. दोघं ओढत राहिले. थापा हळू झाल्या. मग थांबल्या.

आणि दार अगदी सहज उघडलं. एका बोटानं उघडावं तसं.

आत कोणी नव्हतं.

मेणकापड जाळीवर होतं. ताईसोबत मागं उडालेलं मेणकापड पुन्हा जाळीवर सपाट चिकटलेलं होतं. हवा जराही चालत नव्हती. दोघं बघत असताना त्याचं एक टोक सुटलं, मग दुसरं, आणि ते हळूच खाली घसरलं.

जीवननं सांगितलं ते असं. दार त्याच्या हातातून हिसकलं जाऊन बसलं, तेव्हापासून त्याला आतून काहीच ऐकू आलं नव्हतं. ना ताईचं ओरडणं, ना मशीन. बाहेर सगळं चिडीचूप होतं. नुसता घुमारा येत होता. पहार आणायला तो खाली पळाला, तेव्हा जाताजाता त्यानं दोन नंबरकडं बघितलं. चाक उभं होतं. स्क्रीनवरची रेघ शून्यावर सरळ गेलेली. ती रेघ ताईनं नंतर स्वतः पाहिली. त्या पूर्ण दुपारी दोन नंबर एकदाही फिरलेलं नाही.

ताईची ओढणी मात्र जाळीतून आत गेली होती. ती सापडली नाही. पाइप उघडून बघितला, तरी नाही.

*

काही दिवसांनी ताई तांड्यावर गेली. जीवनला सोबत घेऊन. भाऊंच्या बायकोला, रुपीबाईला भेटायला. सगळं सांगायचं, असं ठरवून गेली नव्हती. पण त्या बाईनं पाणी दिलं, समोर बसली, आणि ताईच्या तोंडून सगळं निघालं. मेणकापडाचंसुद्धा.

रुपीबाई रडली नाही. शेळीच्या पिलाला मांडीवर धरून ऐकत राहिली. तिला इतके दिवस लोकांनी सांगितलं होतं, तुझा नवरा उन्हानं चक्कर येऊन पडला, त्याला काही कळलंही नसेल. आज तिला कळलं, की तो दुपारभर जागा होता.

मग तिनं विचारलं, "तू हाक देल्ली, तवा तो आला का बाहेर?"

ताई म्हणाली, दार बसलं.

"मंग ते दार काढा," रुपीबाई म्हणाली. "मले पैसा नोको, काई नोको. तेवढं दार काढा."

ताईनं ते मनावर घेतलं. साहेबांशी भांडली. कारण काय द्यायचं, हा प्रश्नच होता, तेव्हा दार धोक्याचं आहे एवढंच धरून बसली. दोन नंबर तसंही बिघडलेलं ठरलं होतं. त्याच्या जागी नवीन मशीन घ्यायचं ठरलं. दोन नंबरची मोटर काढून दुसरीकडं नेली. हवाखोलीचं दार बिजागऱ्यांसकट कापून काढलं. जीवननं स्वतः कापलं. आता तिथं मोकळी चौकट आहे. कोणीही आत जावं, कोणीही बाहेर यावं.

ज्या दिवशी दार निघालं, त्या दिवशी ताई चौकटीपाशी बराच वेळ उभी होती. काही झालं नाही. तिला मोकळं वाटलं. रुपीबाईला तिनं निरोप पाठवला, की काम झालं.

पावसाळा गेला. हिवाळा गेला. दोन नंबर मुकं पडून राहिलं.

मी हे लिहितोय तो या वर्षीचा मे आहे.

गेल्या आठवड्यात ताई जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये होती. मोटर नसलेलं ते मशीन, त्यावर साचलेली धूळ. बाहेर ऊन.

घुं...

घुं...

घुं...

जीवननं ऐकलं. एक नंबरवरच्या नवीन माणसानंही ऐकलं. त्याला तर यातलं काहीच माहीत नाही. तो म्हणाला, आत कोणी चालून राह्यलं का.

दोन दिवसांनी जीवनच्या हाती रुपीबाईचा निरोप आला. मे लागला म्हणून तिनं विचारलं होतं, की आता तिकडं शांत आहे ना.

ताईनं सांगितलं, हो. शांत आहे.

आयुष्यात खोटं न बोललेल्या बाईनं.

मला हे सगळं सांगून झाल्यावर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आधी दार लागलेलं होतं, म्हणून भाऊ बोलावत होते. आता दार नाई. ते बाहेर येऊ शकतेत. मंग ते आता कोणाले बोलावून राह्यले?"



उद्या तिची दुपारची पाळी आहे.